निळ्या चकतीचं गौडबंगाल

पहिल्यांदा तो आला तेव्हा बाबांच्या लेन्स-दुरुस्तीच्या दुकानाच्या दारातच आमची टक्कर झाली. माझ्या हातात चहाचा ट्रे, त्याच्या हातात लेन्स. सगळा चहा त्याच्या शर्टावर... आणि हा वेडा लेन्स डोक्यावर धरून हसत उभा.

"शर्ट धुता येतो," तो म्हणाला. "लेन्स नाही."

सिनेमाच्या कॅमेऱ्यावर फोकस सांभाळायचं त्याचं काम. तक्रार एकच – जवळचं स्वच्छ दिसतं, लांबचं धूसर. म्हणजे लेन्सची मागची बाजू आणि कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सर यांच्यातलं अंतर केसभर हललेलं. बाबांनी लेन्स कॉलिमेटरला लावली. कॉलिमेटर म्हणजे आमची जुनी लांब नळी, खोलीत बसून अनंत अंतरावरचं दाखवणारी. बाबांनी डोळा लावून पाहिलं, माउंटखाली, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याखाली, अंतर जुळवायला एक पातळ निळी चकती सरकवली, काम फत्ते.

आठवड्याने लेन्स परत. तीच तक्रार. पुन्हा चकती. मग पुन्हा...

"तुमच्या लेन्सला आमच्या दुकानाची सवय लागलीये," मी म्हणाले.

"फक्त लेन्सलाच?" त्याने माझ्याकडे पाहिलं – आणि घाईघाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे.

खोटं कशाला बोलू, मला आवडत होतं ते. पण बाबांची झोप उडाली होती. "कॉलिमेटर तरी गेला, नाहीतर माझे डोळे तरी," असं घोकत बसायचे. हळूहळू दुकान बंद करायची भाषा सुरू झाली. माझ्या पायाखालची जमीनच सरकली.

शेवटी मी दोन नवे कॉलिमेटर पारखायला मागवले. एक जुन्यासारखाच, डोळा लावून बघायचा. दुसरा, अंतरातला फरक थेट पडद्यावर आकड्यात दाखवणारा.

"दुसरा घे," बाबा म्हणाले. "त्याला माणसाचे डोळे लागत नाहीत." आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

नेमका तेव्हाच तो आला, लेन्स घेऊन. म्हटलं बरं झालं, हिच्यावरच पारख करू. पहिल्या यंत्रात फरक दिसला. दुसऱ्यात तेवढाच. मग सहज म्हणून जुन्या नळीला लावली, तर तिथेही तंतोतंत तेवढाच.

म्हणजे आमची नळी बरोबर होती. बाबाही. मी माउंटचे स्क्रू काढले. गेल्या वेळची निळी चकती मी स्वतः, या हातांनी घातली होती. ती जागेवर नव्हती.

"चकती कुठंय?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. खिशातून त्याने कागदाची पुडी काढली. आत निळ्या चकत्या – एक नाही, आजवर घातलेल्या सगळ्या.

"पहिल्यांदा खरंच बिघडली होती," तो पुटपुटला. "नंतर मीच... तुम्ही म्हणता ना, 'बसा, थोडा वेळ लागेल'... तेवढ्या वेळासाठी."

हसावं की थोबाडीत द्यावी, मला कळेना. "माझे बाबा आत बसलेत," मी कशीबशी म्हणाले. "आपले डोळे गेले असं त्यांना वाटतंय. तुमच्यामुळे दुकान बंद करतायत ते."

तो पुडी उचलून सरळ आत गेला.

"काका, तुमचे डोळे ठणठणीत आहेत," आतून त्याचा आवाज आला. "चकत्या मी काढत होतो. मला तुमच्या मुलीला बघायला मिळावं म्हणून."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

बाबा बाहेर आले. चकती घातली, स्क्रू आवळले, जुन्या नळीला डोळा लावला. बराच वेळ लावूनच बसले. उठले तेव्हा डोळे पुसत होते.

"ती दोन्ही यंत्रं परत पाठव," ते मला म्हणाले. मग त्याच्या हातात लेन्स कोंबली. "ही परत या दुकानात दिसली तर तंगडं मोडीन."

तो मान खाली घालून दाराशी गेला.

"आणि रविवारी चहाला ये. मोकळ्या हातांनी."

मी बाबांकडे बघतच राहिले. तोही. मग हळूच माझ्याकडे वळला.

"शर्ट... जुना घालून येऊ?"

माझा राग कधी पळाला, माझं मलाच कळलं नाही.

"जुनाच घाला," मी म्हणाले. "माझा काही नेम नाही."