अठरा मीटरवरचा तळ

उतार सरकतोय की नाही हे नुसत्या नजरेने सांगणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्या नादाला लागत नाही. उतारात उभी भोकं पाडून मी नळ्या बसवून घेते आणि दर सोमवारी केबलला बांधलेला प्रोब आत सोडून नळी किती वाकली, कुठल्या दिशेला वाकली, ते मोजते. नळीचा तळ अठरा मीटर खोल, अखंड कातळात असतो. तो हलत नाही असं धरूनच आमचं सगळं गणित चालतं.

हा उतार माझ्या धाकट्या भावाच्या घरामागचा. पहिली मापं वाईट आली तेव्हा मीच त्याला घर रिकामं करायला लावलं. मग उताराला पायऱ्या कापल्या, आत लांब सळया ठोकल्या, पाण्याला वाट करून दिली. आता धरून ठेवणारा जोर ओढणाऱ्या जोराच्या दीडपट होता. नियमाला तेवढा पुरतो. तरी चौदा आठवडे भाऊ, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची टिल्ली माझ्या दोन खोल्यांत अडकून पडली होती.

"ताई, तुझ्या सोफ्याने माझ्या पाठीचा भुगा केलाय," भाऊ रोज म्हणायचा. "सही कर आणि आम्हाला सोड."

घर राहण्याजोगं असल्याच्या दाखल्यावरची सही अडली होती तिसऱ्या नळीपायी. उताराच्या पृष्ठभागावर ठोकलेले खुणेचे खुंट जागचे हलले नव्हते, पण नळी आठवड्याला दोन मिलिमीटर वाकत होती. प्रोब बदलून पाहिला. तेच.

भोकं पाडणाऱ्या कारागिराला आम्ही पाताळकाका म्हणतो. त्यांनी डोकं खाजवलं. "बाई, वरचं टोक हललं नाही आणि नळी वाकली. मग हललं काय?"

रविवारी मी गणित उलटं मांडलं. वरचं टोक स्थिर धरलं, तळ मोकळा सोडला आणि नकाशावर दर आठवड्याचा एक बाण काढला. सुरुवातीचे बाण भावाच्या घराकडे होते. घर रिकामं झालं त्या आठवड्यापासून ते शहरापलीकडे वळले, थेट माझ्या घराकडे. मला हसूच आलं. मग ते माझ्याकडे आल्यापासूनचा नववा बाण दिसला. तो एकटाच भलतीकडे होता.

"नवव्या आठवड्यात कुठे गेला होतात तुम्ही?" मी वहिनीला विचारलं.

"आम्ही कुठे जाणार? टिल्ली तेवढी माझ्या आईकडे होती."

तिच्या आईचं घर मी नकाशावर शोधलं आणि नवव्या बाणापासून तिथवर पट्टी ठेवली. दोनदा ठेवली. खरं सांगते, मी घाबरले.

सोमवारी कोणीही उतारावर यायचं नाही, असं मी घरी बजावलं होतं. पण भावाला दम कुठला! दहा वाजता तो टिल्लीला घेऊन हजर.

"आज सही घेतल्याशिवाय हलत नाही."

टिल्ली तिसऱ्या नळीपाशी जाऊन वाकली. "आत्या, यात काय आहे?"

काकांनी केबल नुकतीच सोडली होती. "बाई, टेकलं."

"अठराला?"

त्यांनी केबलवरची मीटरची खूण पुन्हा पाहिली. "अकराला."

"नळी तुंबली असेल," भाऊ म्हणाला. मग मापं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्याकडे बघून ओरडला, "अगं, सगळं शून्य! नळी सरळ झाली. आता तरी कर सही!"

"दहा," काका म्हणाले. ते ओढत नव्हते. केबल सैल पडून त्यांच्या पायाशी गोळा होत होती.

"नऊ."

"तिला उचल," मी म्हणाले. "गाडीत घाल आणि नीघ."

"कुठे?"

"लांब. थांबू नकोस."

माझा चेहरा बघून त्याने टिल्लीला उचललं आणि तो गाडीकडे पळाला.

गाडी सुटली तशी केबल सरसर आत गेली. अठराला टेकली.

पडद्यावर नळी वाकण्याची दिशा दाखवणारा बाण हलू लागला. आठवड्याला दोन मिलिमीटर नव्हे. आमच्या डोळ्यांदेखत.

खालचा रस्ता डावीकडे वळतो. बाणही डावीकडे वळला.

मग तो थांबला.

मी भावाला फोन लावला.

"काही नाही गं," तो म्हणाला. "सिग्नल लागलाय."