बेचाळीसशे क्रमांकाचं दार

खारशेतच्या सागरकेंद्रातला हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि शलाकाला त्याचंच कोडं पडलं होतं.

हा दिवा होता उपग्रहाच्या अँटेनाला जोडलेल्या पेटीवर. आकाशातून एखादा निरोप उतरला की तो एकदा लुकलुकायचा आणि लगेच समोरच्या पडद्यावर नवी ओळ उमटायची. आता दिवा लुकलुकत होता, पडदा मात्र कोरा. तासाभराने दिवा पुन्हा लुकलुकला. पडदा कोराच.

"मामी, निरोप येतोय. पण मग तो जातोय कुठे?"

"कचरा असेल गं," ऊर्मिला मामी मान वर न करता म्हणाली. "चुकीच्या पत्त्यावर पडलेलं काहीबाही येतच असतं."

शलाकाने हाच प्रश्न गेल्या आठवड्यातही विचारला होता आणि तिला हेच उत्तर मिळालं होतं. तेव्हा ती गप्प बसली होती. आज मात्र तिने खुर्ची ओढली आणि मामीच्या शेजारी जाऊन बसली.

"कचरा असेल तर इतका नेमाने कसा येईल? दर वेळी तेवढाच वेळ जातो मध्ये. मी बघतेय सकाळपासून."

आता मामीने मान वर केली. ती या केंद्राची प्रमुख. संगणकाच्या अगदी आतल्या थरात चालणारे प्रोग्रॅम लिहिणं ही तिची विद्या. शलाका सातवीतून आठवीत गेली होती आणि सुट्टीभर मामा-मामीकडे राहिली होती. यंदाची सुट्टी मात्र तिला नकोशी झाली होती. कारण राखा हरवला होता.

राखा म्हणजे यंत्रकासव. फाल्गुनात गोदा नावाची समुद्रकासवीण खारशेतच्या वाळूत अंडी घालून परत निघाली, तेव्हा तिची पाठराखण करायला मामीने त्याला तिच्यामागे सोडलं. गोदा जाईल तिकडे तो जायचा आणि दर काही तासांनी पृष्ठभागावर येऊन "इथे आहे, ठीक आहे" असा निरोप उपग्रहामार्फत धाडायचा. मग एके दिवशी निरोप थांबले. सदूमामा बोट घेऊन शेवटच्या ठिकाणी जाऊन आला. दोन दिवस पाणी धुंडाळलं. काही सापडलं नाही. राखा बुडाला असं मामीने वरिष्ठांना कळवून टाकलं. शलाका त्या दिवशी जेवली नव्हती.

"बरं," मामी म्हणाली. "बघू या तुझं पुडकं. आधी सांग, निरोप इथे येतो म्हणजे काय होतं?"

"तो पॅकेटमधून येतो," शलाका म्हणाली. पॅकेट (माहितीचं छोटं पुडकं) तिला ठाऊक होतं. "मग प्रोग्रॅम तो वाचतो."

"मधली एक पायरी विसरलीस. पुडकं थेट प्रोग्रॅमच्या हातात पडत नाही. ते आधी कर्नलकडे जातं." कर्नल (संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा) आतला सगळा कारभार पाहतो. "प्रत्येक पुडक्याला हेडर असतं (वेष्टनावर लिहिलेली माहिती). कुणी धाडलं, कुणाला धाडलं आणि कुठल्या पोर्टवर द्यायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. पोर्ट म्हणजे दाराचा क्रमांक समज. एकाच संगणकात अशी हजारो दारं असतात. एखादा प्रोग्रॅम कर्नलला सांगून ठेवतो, की या क्रमांकाच्या दारावर जे येईल ते मला दे. त्यासाठी कर्नल त्याला एक सॉकेट देतो (निरोप घेण्यासाठी नेमून दिलेली जागा)."

"आणि त्या दारावर कुणीच बसलं नसेल तर?"

"तर कर्नल पुडकं टाकून देतो. ठेवून तरी कुणासाठी ठेवणार? पडद्यावर त्यातलं अक्षरसुद्धा दिसत नाही."

शलाकाने दिव्याकडे पाहिलं. "म्हणजे पेटीपर्यंत निरोप येतोय, म्हणून दिवा लागतोय. पण आत कर्नल तो टाकून देतोय."

"असू शकेल."

"मग टाकून द्यायच्या आधी बघता येईल?"

मामीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. "येईल. त्याला म्हणतात रॉ सॉकेट. रॉ म्हणजे कच्चं. साध्या सॉकेटला कर्नल पुडकं उलगडून आतला मजकूर तेवढा देतो. कच्च्या सॉकेटला पुडकं वेष्टनासकट मिळतं. आणि त्या दारावर कुणी बसलेलं असो वा नसो, त्याची एक प्रत कर्नल आपल्याला देतोच. ये, तूच लिही. मी सांगते."

शलाका टाइप करू लागली. आधी कर्नलकडे रॉ सॉकेट मागायचं. मग येईल ते पुडकं एका मोकळ्या जागेत उतरवून घ्यायचं. मग त्यातले आकडे एकापुढे एक छापायचे, आणि पुन्हा पुढच्या पुडक्याची वाट बघत बसायचं. प्रोग्रॅम छोटासाच होता. तिने तो चालवला आणि संगणकाने साफ सांगितलं: परवानगी नाही.

"बरोबर आहे त्याचं," मामी म्हणाली. "कच्च्या सॉकेटमधून सगळ्यांची पुडकी दिसतात. कुणीही उठावं आणि दुसऱ्यांचे निरोप वाचत बसावं, असं व्हायला नको. म्हणून जो संगणकाचा मुख्य चालक असतो त्यालाच ते उघडता येतं. आणि आपणही आपल्याच दारात आलेलं तेवढंच बघायचं. दुसऱ्याच्या घरात कान लावायचा नाही." तिने स्वतःची परवानगीची खूण दिली. प्रोग्रॅम चालू झाला आणि दोघी वाट पाहू लागल्या.

दिवा लुकलुकला. या वेळी पडदा कोरा राहिला नाही. आकड्यांच्या रांगा भराभर उमटल्या.

"सापडलं!" शलाका ओरडलीच. "कुणाचं आहे?"

"धाडणारा म्हणून उपग्रहाच्या जमिनीवरच्या ठाण्याचा पत्ता आहे. तिथून सगळ्यांचेच निरोप येतात, तेव्हा त्यावरून काही कळणार नाही. पोर्ट काय म्हणतंय?"

शलाकाच्या प्रोग्रॅमने पोर्ट छापलं होतं: २६६४०. असं पोर्ट केंद्रात कुणीच वापरत नव्हतं. तिचा चेहरा उतरला. खरंच कचरा होता तर.

"थांब," मामी म्हणाली. "मूळ आकडे बघ. पोर्ट दोन बाइटमध्ये लिहितात. बाइट (शून्य ते दोनशे पंचावन्नपैकी एक आकडा मावेल एवढी जागा). इथे कोणते दोन आहेत?"

"सोळा. मग एकशे चार."

"नेटवर्कवरून (संगणकांच्या जाळ्यावरून) येताना मोठ्या किमतीचा बाइट पुढे असतो. आपला संगणक मात्र लहान किमतीचा पुढे धरतो. तू ते उलटवायचं विसरलीस. म्हणून त्याने एकशे चारला दोनशे छप्पन्नने गुणलं आणि सोळा मिळवले. नीट करून बघ."

शलाकाने कागद न घेताच गुणाकार केला. सोळा गुणिले दोनशे छप्पन्न, चार हजार शहाण्णव. त्यात एकशे चार.

"बेचाळीसशे," ती म्हणाली. 

बेचाळीसशे हा आकडा तिने आधी पाहिला होता. राखा समुद्रात गेल्यानंतर केंद्रात नवा संगणक आला, तेव्हा जुन्यावरचे प्रोग्रॅम नव्यावर आणायचं काम मामीने मोठ्या विश्वासाने तिला दिलं होतं. एक प्रोग्रॅम एकेचाळीसशे क्रमांकाच्या दारावर बसायचा. राखाचे रोजचे निरोप तो घ्यायचा. दुसरा बेचाळीसशेच्या दारावर. त्या दुसऱ्याकडे आजवर एकही निरोप आलेला नव्हता. जागा उगाच कशाला अडवायची, असं म्हणत शलाकाने तो जुन्या संगणकावरच सोडून दिला होता. कुणाला विचारलंही नव्हतं.

"मामी," तिने विचारलं, "बेचाळीसशे कशाचं दार होतं?"

मामी उत्तर द्यायला गेली आणि मध्येच थांबली. तिच्या लक्षात आलं.

"संकटाचं," ती हळूच म्हणाली. "राखा अडचणीत सापडला, की बॅटरी वाचवायला बाकी सगळं बंद करतो आणि तेवढ्याच दारावर हाक मारतो."

"मी तो प्रोग्रॅम आणलाच नाही. रिकामाच होता, म्हणून..." 

मामीने पुडक्याच्या आतला मजकूर उलगडला. राखाला लांबलचक वाक्यं येत नसत. हाक क्रमांक २९६. गोदा जाळ्यात. श्वास चालू. खालून आधार देतोय. या. खाली ठिकाणाचे आकडे होते आणि उरलेली बॅटरी. फारच थोडी.

"आधीच्या हाका? त्या वाचता येतील?"

"नाही. कच्चं सॉकेट उघडल्यापासून पुढचं तेवढं दिसतं. त्याआधी टाकून दिलं ते गेलं."

तेवढ्यात राखाच्या पुडक्यापाठोपाठ पडद्यावर उमटलेलं आणखी एक पुडकं शलाकाला दिसलं. आलेलं नव्हे, त्यांच्याच संगणकातून बाहेर निघालेलं. "हे आपण धाडलं?" शलाकाने विचारलं.

मामीने डोळ्यांवर हात दाबून धरला. "कर्नलने. दारावर कुणी नसलं की तो धाडणाऱ्याला उलट तसं कळवतो, 'इथे कोणी नाही' म्हणून. नियमच आहे तो."

म्हणजे राखाने प्रत्येक वेळी हाक मारली होती, आणि प्रत्येक वेळी त्याला घरून उत्तर गेलं होतं: इथे कोणी नाही. तरी तो हाक मारतच राहिला होता. शलाकाला रडू कोसळलं.

"रडू नंतर," मामी म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "माझंही चुकलंय. तुझं काम मी तपासायला हवं होतं. तू दिव्याचं सांगितलंस आणि मी न बघताच त्याला कचरा म्हणाले. आधी ते दार उघड."

शलाकाने जुन्या संगणकावरून प्रोग्रॅम आणला आणि बेचाळीसशेच्या दारावर बसवला. पुढची हाक आली तेव्हा ती घ्यायला कुणीतरी होतं. मामीने उलट निरोप धाडला: ऐकलं. निघालो.

राखाचा एकच शब्द आला: थांबतो.

सदूमामाने बोट काढली. वाऱ्याच्या आणि लाटांच्या जोरावर चालणारी केंद्राची ती नवी बोट फार वेगवान, तरी पोहोचेपर्यंत उन्हं कलली. पाण्यावर हिरव्या नायलॉनच्या जाळ्याचा एक मोठा गुंता तरंगत होता. कुणाचं तरी तुटून वाहत आलेलं जाळं. त्यात बाटल्या, दोरखंड, शेवाळ. मधोमध गोदा. तिच्या खाली, तिचं डोकं पाण्यावर राहील असं पाठीवर तोलून, राखा. त्याचे डोळे विझले होते. बॅटरी तोवर संपली होती, पण त्याने आपले पंजे जाळ्यात असे गुंतवून ठेवले होते की बंद पडल्यावरही तो तिच्याखालून सरकला नाही.

"जिती आहे रे, जिती आहे!" मामा ओरडला आणि सुरी घेऊन पाण्यात उतरला.

गोदाचा पुढचा डावा पाय, वल्ह्यासारखा रुंद, नायलॉनच्या दोऱ्याने हाडापर्यंत कापला गेला होता. किनाऱ्यावरच्या कासव-रुग्णालयात डॉक्टर फर्झाना काझींनी यंत्रहातांच्या मदतीने शस्त्रक्रिया केली. बाहेर आल्या तेव्हा शलाका दाराशीच उभी होती.

"जगेल ती," त्या म्हणाल्या. "पाय मात्र काढावा लागला."

"लवकर आणलं असतं तर वाचला असता?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. खोटं बोलून मुलांची समजूत काढायची त्यांना सवय नव्हती. "पहिल्या आठवड्यात आणलं असतं, तर वाचला असता बहुतेक."

शलाकाने मान हलवली. 

सुट्टीचे उरलेले दिवस तिने मामीशेजारी बसून काढले. दोघींनी मिळून एक प्रोग्रॅम लिहिला. तो कच्च्या सॉकेटवर बसायचा, पण कुणाचा मजकूर वाचायचा नाही. फक्त वेष्टन बघायचा, आणि ज्या दारावर कुणीच नाही अशा दाराशी कुणी पुन्हा पुन्हा येतंय असं दिसलं की घंटा वाजवायचा. मामीने तो किनाऱ्यावरच्या सगळ्या केंद्रांना धाडला. दक्षिणेकडच्या एका केंद्राने महिनाभरात कळवलं, की बिघडला म्हणून सोडून दिलेला त्यांचा हवामानाचा तरंगता खांब मुळात बिघडलेलाच नव्हता. त्याच्या दाराचा क्रमांक कुणीतरी बदलला होता, इतकंच. ते वाचून शलाकाला बरं वाटलं. मग लगेच गोदाची आठवण झाली आणि बरं वाटणं अर्ध्यावरच राहिलं.

गोदाला समुद्रात सोडायचं ठरलं तेव्हा शाळा सुरू झाली होती. शलाका रविवारी मुद्दाम आली. रुग्णालयाच्या तलावात पहिले काही दिवस गोदा नुसती गोल गोल फिरायची, कारण जोर एकाच बाजूने लागायचा. मग मागचा पाय सुकाणूसारखा धरायचा हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं.

मामाने तिला लाटांच्या कडेला ठेवलं. शलाका गुडघाभर पाण्यात उभी होती. "मामी, ती मला माफ करेल का गं?"

"तिला ते ठाऊकच नाही. ठाऊक आपल्याला आहे. आपल्यालाच ते सांभाळायचंय."

लाट आली आणि गोदा तरंगली. क्षणभर ती गोल वळली, मग मागचा पाय वळवून खोल पाण्याकडे निघाली. अगदी सरळ नव्हे. जराशी डावीकडे कलत. तिच्या पाठोपाठ नव्या बॅटरीचा राखा पाण्यात शिरला. पुढे ती कशी पोहते ते त्याने थोडा वेळ पाहिलं, आणि मग तिची साथ सुटू नये म्हणून तोही जरासा डावीकडे कलून पोहू लागला.