उजेड आला की काढतो

ही गोष्ट माझ्या मावसभावाची. विश्वास ठेवा, नका ठेवू, पण ते आठ फोटो मी स्वतः पाहिलेत.

त्याला घरात सगळे घुबड्या म्हणतात. रोज दिवेलागणीला कॅमेरा घेऊन तळ्याकडे पळायचा, घुबडांचे फोटो काढायला. ट्रायपॉड कधीच नाही. "तो मांडेपर्यंत पाखरू भुर्र," म्हणायचा. अंधारातही दिसावं म्हणून कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, आयएसओ, बारा हजारांवर न्यायचा आणि कॅमेरा हातातच धरायचा. फोटोभर वाळूसारखे दाणे यायचे, पण घुबडाचा डोळा लख्ख.

मावशी त्याच्या मागे लागायची. "मेल्या, घुबडांचे एवढे काढतोस. माझा एक काढ की."

"उजेड आला की काढतो."

दोन वर्षांपूर्वी मावशी गेली. फोटो राहून गेला. घुबड्या रडला नाही. जेवला, झोपला, कामावर गेला.

मग काका, म्हणजे त्याचे बाबा, अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. निदान बाबांचा तरी एक फोटो हवा, एवढंच त्याने मनाशी धरलं.

शनिवार होता. संध्याकाळचे सव्वासहा.

काकांना उजेड सोसत नव्हता. पडदे ओढलेले. फ्लॅश मारायची सोय नाही. कॅमेरा खुर्चीच्या पाठीवर टेकवता आला असता. पण सवय... त्याने हातातच धरला.

खोलीत दोघेच. काकांच्या छातीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

खट्... खट्... खट्...

"तिला जरा बाजूला हो म्हण," काका म्हणाले. "मधेच येतेय."

"कोणाला, बाबा?"

तो काढत राहिला.

आठव्या खटक्यानंतर खोली एकदम शांत वाटली...

घरघर थांबली होती.

त्याने कॅमेरा कपाटावर ठेवला. डॉक्टरांना फोन केला. आवाजही हलला नाही त्याचा.

चौथ्या दिवशी त्याने फोटो उघडले, मला शेजारी बसवून.

आठही हललेले. पलंग, उशी, भिंत, सगळं फराटलेलं. काकांचा चेहरा एकातही ओळखू येत नव्हता.

पण पहिल्या फोटोत, दाराशी...

मावशी.

तपकिरी स्वेटर, वरचं बटण तुटलेलं. एक दाणा नाही, एक फराटा नाही. दुसऱ्या फोटोत ती पलंगाशी होती. पाचव्यात काकांच्या पुढ्यात. आठव्यात नुसता तिचा चेहरा. केस नीट विंचरलेले. फोटोसाठी थांबलेली.

"कॅमेरा हलला की समोरचं सगळं हलतं, तायडे," तो सपाट आवाजात म्हणाला. "काहीच स्पष्ट येत नाही. आलं, तर ते माझ्या हाताबरोबर हललेलं असतं."

म्हणजे कॅमेरा त्याने एकट्याने धरला नव्हता, तिचाही हात होता.

तो स्क्रीनकडे बघत बसला होता.

आता तो तळ्यावर जात नाही. संध्याकाळी काकांच्या रिकाम्या खोलीत बसतो, पडदे ओढून. खट्... खट्... बाहेर ऐकू येतं.

"दिवसा काढून बघ की एकदा," मी म्हटलं.

"उजेडात ती येत नाही."

परवा मी निघाले तेव्हा अंधारून आलं होतं. त्याने कॅमेरा उचलला. "तायडे, थांब. तुझा एक काढतो."

"आत्ता नको," मी घाईने म्हणाले. "उजेड आला की काढ."

बोलले आणि जीभ चावली.

त्याने कॅमेरा खाली घेतला. आणि त्याच्या मागे, खोलीत... कोणीतरी उसासा टाकला.