लेथवरचा उजेड

घरात साधा पिवळा बल्ब का आणि पंखा बंद का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा विषय मी काढत नाही.

एका सरकारी खात्याच्या खरेदी विभागात माझी सगळी कारकुनी गेली. खुर्च्या, पंखे, टाचण्या, सगळं घेतलं, आणि त्यातली एकही वस्तू मला स्वतःला वापरावी लागली नाही, हे माझं भाग्य. तेवढ्या पुण्याईवर नातेवाईक मला खरेदीतला जाणकार समजतात. म्हणून भाचा मुकुलचा फोन आला, की मामा, मानपाड्याच्या वर्कशॉपमधल्या जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडीच्या लांब पट्ट्या लावायच्यात, दोन नमुने आलेत, एकदा येऊन बघा. निवृत्त माणसाला एवढं आमंत्रण पुरतं. नौपाड्याहून निघालो.

शुक्रवार होता, एमआयडीसीच्या सुट्टीचा. रस्त्यावर टेम्पो नव्हते, घणघणाट नव्हता. हवेतला केमिकलचा वास तेवढा कामावर हजर होता. वर्कशॉपमध्ये मुकुल, पट्ट्या विकायला आलेला सलिल नावाचा तरुण आणि वैशाली अशी तिघंच होती.

वैशाली म्हणजे सीतारामची मुलगी. सीताराम तिथला जुना लेथवाला. दोन वर्षांपूर्वी त्याच लेथच्या चकात, म्हणजे लोखंडाचा तुकडा घट्ट धरून गरगर फिरवणाऱ्या तोंडात, त्याचा उजवा हात गेला आणि त्याच दिवशी माणूसही गेला. इतक्या मुरलेल्या माणसाने चालू मशीनवर हात का ठेवला, हे कोणाला कळलं नाही. त्याच्या बोटात तांब्याची अंगठी असायची. तीही मिळाली नाही; मशीन खोलून पाहिलं, तरी नाही. पोरीने आयटीआय केलं होतं. मुकुलने तिला बापाच्या जागी, बापाच्याच लेथवर घेतलं. यात दया किती आणि सोय किती, हे मी त्याला विचारलेलं नाही.

उजेड नीट पारखायचा म्हणून मुकुलने शटर खाली ओढलं. भर दुपारी आत मिट्ट काळोख झाला. जळक्या तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास एकदम जवळ आल्यासारखा वाटला. मग पट्ट्या लागल्या. महाग होती ती दाराशी, स्वस्त होती ती आत, वैशालीच्या लेथवर. स्वस्त पट्टी जास्त पांढरी, जास्त लख्ख होती. मुकुलचा चेहरा खुलला. आमच्या खात्यातही स्वस्त माल उद्घाटनापर्यंत असाच चमकायचा.

सलिलला महाग पट्टी विकायची होती. त्याने मोबाइलचा कॅमेरा स्वस्त पट्टीवर धरला. पडद्यावर काळे पट्टे हळूहळू खालून वर सरकत होते.

"ही सेकंदाला शंभरदा विझते-पेटते, सर. डोळ्याला कळत नाही. पण फिरतं चाक हिच्याखाली थांबलेलं दिसू शकतं. जुन्या ट्यूबलाइटचाही तोच प्रॉब्लेम."

मुकुलने वैशालीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. सीतारामने हात का ठेवला, याचं उत्तर दोन वर्षं आमच्या डोक्यावर टांगलेलं होतं.

"आपण काय कॅमेऱ्याने काम करतो?" मुकुल म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. मग त्याने वैशालीला मशीन चालू करायला सांगितलं. चालू मशीनवरच काय ते दिसू दे, म्हणाला.

लेथ घुमायला लागला. चपलांखाली जमीन बारीक थरथरू लागली. आवाज चढत गेला, एका सुरात स्थिरावला. आणि समोरचं चक मात्र मंद होत होत उभं राहिलं. कान सांगत होते फिरतंय, डोळे सांगत होते थांबलंय. त्याच्यावरचा तेलाचा ओघळसुद्धा स्पष्ट दिसत होता.

आणि एक हात दिसत होता.

मनगटापर्यंतचा, पालथा. तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा चकावर ठेवलेला. नखांत काळं तेल होतं. एका बोटाभोवती फिकट वळ होता, वर्षानुवर्षं अंगठी घातल्यावर उरतो तसा.

जन्माची सवय अशी, की मी आधी इतरांकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाच्या नजरेला आल्याशिवाय आम्ही काही पाहिल्याचं कबूल करत नाही. मुकुल आणि सलिल वर पट्टीकडे बघत होते. वैशाली चकाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिचा उजवा हात मशीनच्या दांड्यावरून सुटला होता आणि पुढे चालला होता.

"वैशाली..."

"बाबांनी धरलंय, काका," ती हळूच म्हणाली. "थांबलंय ते..."

चकावरचा हात उलटा झाला. तळवा वर आला. बोटं उघडली.

मी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. सगळं विझलं. अंधारात चक कितीतरी वेळ फिरत राहिलं, सुस्कारत, मंदावत. आणि त्या आवाजाच्या अगदी जवळून वैशालीचा दबका आवाज आला.

"आले... आले, बाबा."

शटर उघडून उजेड आला तेव्हा ती होती तिथेच होती. हात शाबूत होते. मी मुकुलला म्हटलं, महाग पट्टी घे. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथेच सलिलला ऑर्डर दिली. माझ्या हयातीत विनाचर्चा मंजूर झालेली ती एकमेव खरेदी.

पुढच्या आठवड्यात पट्ट्या लागल्यावर पुन्हा गेलो. राहवलं नाही. लेथ फिरत होता आणि फिरताना दिसत होता. करड्या धुक्याचा एक गोळा, त्यावर काही नाही. जीव भांड्यात पडला. सहज मुकुलला विचारलं, त्या स्वस्त पट्टीचं काय झालं? सलिल ती परत न्यायला आला नव्हता. वैशालीने घरी उजेड कमी पडतो म्हणून मागितली, मुकुलने देऊन टाकली.

मी लेथपाशी गेलो, मशीन बंद करायला लावलं.

"घरी फिरणारं काय काय आहे गं?"

"टेबलफॅन आहे फक्त, काका." ती फडक्याला हात पुसू लागली. "जाळी काढून ठेवलीय."

मी तिला हात दाखवायला सांगितले. बोटं सगळी जागेवर होती. उजव्या हाताच्या एका बोटात तांब्याची अंगठी होती. मोठी, बाप्याच्या मापाची.

लेथवर अंगठी घालून उभं राहायचं नसतं, हे माझ्यासारख्या कारकुनालाही ठाऊक आहे. काढ म्हटलं. तिने ओढली. पुन्हा ओढली. बोट लाल झालं. अंगठी इतकी सैल होती, की तिच्या आणि बोटाच्या मधून नव्या पट्टीचा उजेड आरपार दिसत होता. तरी ती निघेना.

मी मुकुलला तिथल्या तिथे तिला लेथवरून काढायला लावलं. पॅकिंगच्या टेबलावर फिरणारं काही नाही, याची स्वतः खात्री केली. घरचा फॅन माझ्या अखत्यारीत येत नाही. वैशालीने वाद घातला नाही. "चालेल, काका," एवढंच म्हणाली आणि टेबलाकडे निघाली.

चालताना तिचा उजवा हात अंगापासून जरा दूर होता, थोडा वर उचललेला, बोटं अर्धी मिटलेली. बाजारात मोठ्या माणसाचा हात धरून चालणाऱ्या लहान मुलाचा असतो, तसा.