साखर नसलेली तहान

मालिनीनं नवऱ्याला नावानं हाक मारली, आणि श्यामकांत दारातच थबकला. लग्नाला चार वर्षं झाली होती. उखाण्याखेरीज त्याचं नाव तिच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. "श्यामकांत, तो नळ बंद कर ना... केव्हाचा वाहतोय." नळ तर बंदच होता. समोर रेग्निट्झ नदीच्या काठच्या वाळूची हरितालिकेची पिंड, आणि तिच्यापुढं भिंतीला टेकून बसलेली, पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेली ही वेडी पोर. तिची जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती.

अठ्ठावन्न सालच्या जर्मनीत, एर्लांगेनमध्ये हरितालिका केली नसती, तर विचारणारं कोण होतं? पण खरं सांगायचं तर उपास हे नुसतं निमित्त. त्याआधी वर्षभर ती पाण्यावाचून झुरत होती, आणि तेही नवऱ्याच्याच सांगण्यावरून.

तिला तहान लागायची. साधी नव्हे, घसा ओरबाडणारी... तांब्यामागून तांबे रिचवले तरी तासाभरात पुन्हा तेच. मग जिन्यावरच्या सामाईक संडासाकडे खेपा. घरमालकीण फ्राऊ लेन्झ एकदा कपाळाला आठ्या घालून काहीतरी बोलल्या, आणि श्यामकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विद्यापीठात पेशींतल्या पाण्यावर डॉक्टरेट करणारा माणूस तो, त्यानं मोठ्या शास्त्रीय थाटात बायकोची लघवी तपासली, साखर सापडली नाही, आणि निकाल देऊन टाकला, "मधुमेह नाही. ही नुसती खोड आहे, मालू. पाणी कमी कर." नवऱ्याची मान खाली जाऊ नये, मुश्किलीनं मिळालेली खोली सुटू नये म्हणून तिनं ती आग आतल्या आत सोसली. अगदीच असह्य झालं की तो गेल्यावर चोरून प्यायची, आणि वर स्वतःलाच अपराधी समजायची. आपल्या बायकांना हे फार छान जमतं, आणि मला त्याचाच राग येतो.

त्यानं तिला तसंच इस्पितळात नेलं. तिथं डॉक्टरांनी श्यामकांतला पहिलाच प्रश्न विचारला, "हेर पोंक्षे, तुमची पत्नी दिवसाला किती पाणी पिते?"

 मिठाच्या पाण्यात रक्तपेशी कशा सुरकुततात, त्यांतून किती पाणी बाहेर पडतं, हे श्यामकांतनं दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं होतं. एकदा त्यानं ते घरी समजावलं, तेव्हा मालिनी कोशिंबीर करता करता म्हणाली होती, "म्हणजे काकडीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसंच की." तिला कळलं होतं. ह्या विद्वानालाच आपल्या घरातलं कळलं नाही.

"आल्झो, असं आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मधुमेह साखरेचाच असतो असं नाही. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते. पाणी राखून ठेवा, असा तिचा निरोप मूत्रपिंडांना जातो. हिच्या शरीरात तो निरोपच पोहोचत नाही, म्हणून प्यायलेलं सगळं वाहून जातं. पिणं थांबलं की रक्त खारट होतं आणि मेंदूच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं. तहान ही खोड नव्हती. तहानेनंच तिला आजवर जगवलं."

दोन दिवस हळूहळू पाणी देऊन पेशींचा तोल सांभाळला गेला. तिसऱ्या दिवशी मालिनी उशीला टेकून बसली होती. त्या निरोपाची जागा घेणारी, तपकिरीसारखी नाकात ओढायची एक पूड तिला आता जन्मभर लागणार होती.

"मालू, मी तुला..." श्यामकांत तिच्या खाटेशी बसला. "मी तुला मारूनच टाकत होतो गं. मला क्षमा कर."

 तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं, पण आवाज स्थिर होता.

"तुम्ही साखर शोधलीत, त्याचं मला काही वाटत नाही. चूक कुणाचीही होते. पण अहो, मी तहान लागते म्हणत होते, आणि तुम्ही ते खरं धरलं नाहीत... त्याचं फार लागलं. मलासुद्धा वाटायला लागलं होतं, की मीच खोटी आहे."

त्यानं तिचा हात कपाळाला लावला आणि लहान मुलासारखा हमसून रडला. तिनं रडू दिलं. मग दुसऱ्या हातानं त्याचे केस सारखे केले.

"पाणी द्या," ती म्हणाली.

आधी नर्सला विचारून यावं, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण डॉक्टरांनी तिला हवं तेवढं पिऊ देण्याची मुभा सकाळीच दिली होती. त्यानं पेला भरला. तिनं तो रिकामा केला, पुन्हा पुढं धरला. मग तिसरा, मग चौथा. दर वेळी तो उठला, आणि किती झाले ते त्यानं मोजलं नाही.