शुक्रवारचं पाणी

उंदीर पाण्यात सोडायचा आणि तो कधी हार मानतो ते बघायचं, या कामाचा भाविकाला पगार मिळत असे. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या प्रयोगशाळेत उदासीवरच्या नव्या औषधांची चाचणी चाले. काचेच्या उंच बरणीत कोमट पाणी. उंदीर आधी काचेला नखं मारतो, मग पोहतो, मग नुसतं नाक वर काढून तरंगत राहतो. औषध लागू पडलं असेल तर तो जास्त वेळ धडपडतो. वेळ संपली की वरून हात घालून त्याला बाहेर काढायचं, पुसायचं, बल्बखाली ऊब द्यायची. गणपतीत ज्याला वेगळा मोदक ठेवायचा त्यालाच एरवी बुचकळायचं, म्हणून पहिल्या दिवशी भाविकाने कान धरले होते. पुढे सवय झाली.

घरी मोरिवलीला तिचा नवरा अल्पेश होळीपासून भिंतीकडे तोंड करून पडला होता. का, ते त्यालाही सांगता येत नसे. उल्हासनगरच्या डॉक्टरांच्या गोळ्या तो गालात धरायचा आणि मोरीत थुंकायचा. परवा त्याने आईला विचारलं होतं, "आपली विहीर आता किती खोल हाय?" तेव्हापासून भाविकाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

शुक्रवारी एमआयडीसीचं पाणी बंद. दर उंदरामागे बरणीतलं पाणी बदलायचं असा नियम, पण त्या दिवशी टाकीने तळ दाखवला होता. भाविकाने आहे त्यावरच भागवलं. औषध घेतलेला उंदीर पोहून गेलेल्या पाण्यात तिने बिनऔषधाचा उंदीर सोडला. तो थांबलाच नाही. त्याच्यानंतरचाही नाही. दुसऱ्या बरणीत हरलेल्या उंदरांचं पाणी होतं. त्यात औषध घेतलेला सोडला, तर तो पडल्या पडल्या निश्चल झाला.

"वास राहतो गं पाण्यात," प्रयोगाच्या प्रमुख इरा मॅडम वैतागून म्हणाल्या. "म्हणून तर बदलायचं असतं. आजचं सगळं बाद कर आणि ते पाणी ओतून दे."

हरलेलं पाणी भाविकाने ओतून दिलं. न थांबलेल्या उंदरांचं तिने डब्याच्या पिशवीतल्या बाटलीत भरलं. बीएस्सी झालेल्या बाईने असलं काही करावं, याची तिला लाज वाटली. पण बुडत्याला काडीचा आधार.

संध्याकाळी सासूच्या मदतीने तिने अल्पेशला मोरीत बसवलं आणि आंघोळीच्या बादलीत बाटली रिकामी केली.

सकाळी तो तिच्याआधी उठलेला. त्याने चहा केला, भाकऱ्या खाल्ल्या, अंगणाचं मोडकं कुंपण बांधून काढलं. "माझा पोर उठला गो!" काशी, त्याची आई, पदराने डोळे पुसत म्हणाली. भाविका गॅसपाशी उभी राहून एकटीच हसली. किती दिवसांनी घरात चपलांचा आवाज येत होता!

रविवारी तो बसेना. जेवलाही उभ्यानेच. भिंतीला बोटं लावून खोलीत कडेकडेने फिरत राहिला.

"बस ना जरा," भाविका म्हणाली.

"बसलो तर खाली जाईन," तो सहज म्हणाला.

"खाली कुठे?"

तो फिरत राहिला.

सोमवारी तिने कामावर विचारलं, "मॅडम, तो शुक्रवारचा उंदीर किती वेळ पोहला असता?"

"कोण जाणे. आपण काढतोच ना बाहेर."

भाविका तशीच निघाली, अर्ध्या दिवसाची रजाही न सांगता.

दारातच काशी उभी होती. "सकाळपासना भिंत खरवडतंय गो," एवढंच म्हणाली.

अल्पेश कोपऱ्यात होता. हनुवटी वर, बोटं रक्ताळलेली, पाय सारखे हलत होते.

भाविकाने टॉवेल घेतला, त्याच्याभोवती गुंडाळला आणि ओढलं. तो हलला नाही.

तिने खाली पाहिलं. फरशी कोरडी होती. त्याची पावलं फरशीला टेकलेली नव्हती.

"अल्पेश, मी आहे. बघ ना इकडे."

त्याने पाहिलं नाही. तो तिच्या डोक्यावरून छताकडे बघत होता, जिथून हात येतो तिकडे.