हिरवा जागल्या

गाडी आत आली, मागचं फाटक आपोआप मिटलं आणि पुढचं काही उघडेना.

चौकशीसाठी बोलावलेल्या राजेश्री गव्हाणे पदर सावरत खाली उतरल्या. जिंतूर रस्त्यावरच्या 'पूर्णाकाठ' शेतकरी कंपनीच्या आवारात सोयाबीनचे ट्रॅक्टर एकमेकांना खेटून उभे होते. मागं जायला वाट नव्हती, पुढं सरकायला जागा नव्हती.

"ताई, ही तर आपली एस.टी. झाली," परमेश्वर म्हणाला. हा रिटायर कंडक्टर चौकशीच्या कामात राजेश्रीबाईंच्या सोबत असे. "दार लागलं की लागलं. आता घंटी कोणी मारायची?"

"मारेल कोणीतरी, परमेश्वरराव. तोवर आत कोण कोण बसलंय ते बघू."

कंपनीचे अध्यक्ष दिनकरराव उपरण्यानं घाम पुशीत आले. "काट्यावर माल चढला की अ‍ॅपवर पावती निघते. पावतीबिगर एकही फाटक उघडत नाही. शेवटच्या पावतीवर तुमची गाडी तेवढी आत आली. चोरी होऊ नये म्हणून केलं होतं, आता आमीच कोंडलो. दसऱ्यापासून रोज हेच. गर्दी झाली की अडतंय, ओसरली की सुटतंय. मोबाइलवर नुसतं चक्र फिरायलंय. लोक वैतागून बाहेरच्या व्यापाऱ्याला माल द्यायलेत."

"संशय कुणावर?"

"संशय कसला, खात्री हाय. आत संगणकावर बसणारी पोरगी, राजनंदिनी. तिच्या स्क्रीनवर सगळं हिरवं. म्हणजे यंत्र धडधाकट. मग अडवतंय कोण? त्या व्यापाऱ्याला फितूर झालीय. पोलीस बाहेर येऊन थांबलेत. फाटक उघडलं की तिला त्यांच्या हवाली करणार. तुमी फक्त शिक्कामोर्तब करा."

"म्हणजे फाटक उघडेपर्यंत तिला मुदत आहे," राजेश्रीबाई हळूच म्हणाल्या. "देव करो नि ते जरा उशिरा उघडो."

संगणकाच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत खिडकी नव्हती. स्क्रीनच्या हिरव्या उजेडात राजनंदिनी पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिचा फोन दिनकररावांनी काढून घेतला होता.

"घरी कोण आहे, बाळ?"

"कुणीच न्हाई. आईबाबा पहिल्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेत." तिनं डोळे पुसले. "मी पोलिसांच्या गाडीत बसले तर गावातला कुणीतरी फडावर फोन करील. तेवढं नगं व्हायला."

"तुझं काम काय, ते मला सोप्या शब्दांत सांग."

मुलीनं कोपऱ्यातलं कपाट उघडलं. सर्व्हरच्या कपाळावर, तारांच्या पेटीवर, बॅटरीवर हळदीकुंकवाची बोटं वाळून खपली धरली होती. मधल्या फळीवर एक काळा कुळकुळीत डबा हिरवा दिवा मिचकावत होता.

"हा जागल्या. आमी आपलं नाव ठेवलंय. रानात जागल्या कसा हाळी देतो, तसा हा सर्व्हरला सारखं इचारतो, जागा हायेस का? उत्तर लवकर आलं की स्क्रीन हिरवी. उशीर झाला की लाल. लाल झालं की मी योगीराज सरांना फोन करायचा. सगळं त्यांनीच बसवलंय."

"कधी लाल झालं होतं?"

"दसऱ्याला. त्या दिवशी मुहूर्तावर येलदरीकडची गावं अ‍ॅपला जोडली. लगेच लाल झालं. सर म्हणाले, बघतो. दुसऱ्या दिवशी बासी दसरा, मी घरी होते. त्यानंतर आजपर्यंत हिरवंच." ती अडखळली. "बाहेर लोक बोंबलायचे, आणि मी म्हणायची, हिरवं हाय की. माझी मलाच लाज वाटती."

काट्याच्या केबिनमध्ये वजन करणारा आदिनाथ भिंतीला टेकून उभा होता. खोलीची किल्ली त्याच्याच डोक्यावर खिळ्याला लटकत होती. ती कुणीही न्यावी अशी.

"आतल्या कपाटाला मी कधी हात लावत न्हाई," तो विचारायच्या आधीच म्हणाला.

"मग कुंकू कोणी लावलं?"

आदिनाथची मान खाली गेली. "मीच, ताई. खंडेनवमीला. आमच्यात औजाराची पूजा चुकत न्हाई. काटा, फाटक, आतले सगळे डबे, एकालाबी सोडलं न्हाई. अन् दुसऱ्याच दिशी हे सुरू झालं. वाटलं, कुंकवाचा कण आत गेला असंल. पोरीवर आळ आला तरी माझं तोंड उघडंना."

"पाप केलंत ते गप्प बसण्याचं," राजेश्रीबाई म्हणाल्या. "पूजेचं नाही."

बाहेर परमेश्वरनं निष्कर्ष काढला होता. "ह्यानंच बिघडवलं, ताई. मशिनीत कुंकू गेलं. केस खतम."

"असं असतं तर सगळं एकदम बंद पडलं असतं. हे रोज गर्दी वाढली की अडतंय, गर्दी ओसरली की सुटतंय. तुमच्या एस.टी.चं घाटात काय व्हायचं?"

"जास्त माणसं भरली की धापा टाकायची."

"हं."

योगीराज कंपनीच्या उपाहारगृहात एकटाच जेवत होता. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. वरण-भात कालवतानाही त्यानं ती उतरवली नव्हती.

"बॅगेचं वेगळं तिकीट काढलंय का, साहेब?" परमेश्वरनं विचारलं. "मांडीवर घेऊन बसलात म्हणून म्हटलं."

योगीराज हसला नाही. "मॅडम, मला सोडायला सांगा. पिंगळीला दुसरं काम आहे. सकाळी तपासणीला आलो तर त्या खोलीत मुलीला कोंडलेलं, दारावर माणूस. काम करू देईनात आणि जाऊ देईनात."

"येलदरीकडची गावं वाढली. यंत्राला झेपतंय?"

"नवा मोठा सर्व्हर टाकलाय की. स्क्रीन बघा ना. यंत्र खोटं बोलत नाही, माणसं बोलतात."

"चला, माझ्यासोबत बघा."

सगळे त्या कोंदट खोलीत जमले. राजेश्रीबाईंनी काळ्या डब्याकडे बोट केलं. "हा तुमचाच?"

योगीराजनं वाकून पाहिलं. "माझाच. उन्हाळ्यात याच हातांनी बसवलाय. खंडेनवमीच्या कितीतरी आधीपासून या कपाटाला मी शिवलेलो नाही."

"राजनंदिनी, सर्व्हरची तार काढ."

"ताई, अ‍ॅप पूर्ण बंद पडंल."

"काढ, बाळ."

तिनं तार उपटली. बाहेर काट्याचा आकडा विझला. दिनकररावांच्या हातातल्या फोनवर अ‍ॅप मेलं.

स्क्रीन हिरवीच राहिली.

दिनकरराव एकदा फोनकडे, एकदा स्क्रीनकडे बघू लागले.

"मेलेल्यालाही हा जागा आहे म्हणतोय," राजेश्रीबाई शांतपणे म्हणाल्या. "हा सर्व्हरला काही विचारतच नाही. नुसता हिरवा दिवा लावून बसलाय. या मुलीला यानं रोज फसवलं, तिनं तुम्हाला नाही."

"पण ठेवला कोणी?" दिनकरराव पुटपुटले.

"आदिनाथनं खंडेनवमीला एकाही डब्याला सोडलं नाही. सगळ्यांवर कुंकू आहे, यावर नाही. म्हणजे हा नंतर आला. किल्ली खिळ्याला, आत कुणीही शिरू शकतं. मलाही आधी नाव सांगता आलं नसतं. पण आत्ता तुमच्यादेखत योगीराजांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, हा माझाच, उन्हाळ्यापासूनचा. दुसऱ्या कुणी बदलला असता, तर बसवणाऱ्यानं आधी म्हटलं असतं, हा माझा नव्हे. ज्याला माहीत होतं तोच खोटं बोलला."

योगीराजचा हात बॅगेच्या पट्ट्यावर आवळला.

"गर्दी वाढली की यंत्र धापा टाकतंय, म्हणजे मोठा सर्व्हर देण्याचं कबूल करून तुम्ही जुनाच ठेवलात. दसऱ्याला ओझं वाढलं, जागल्यानं खरी हाळी दिली. बासी दसऱ्याला खोली रिकामी होती. तेव्हा तुम्ही यंत्र सुधारायचं सोडून जागल्याचं तोंड बंद केलंत. आज चौकशी होणार म्हणून खरा डबा परत ठेवायला आलात, तर खोलीत ही बसलेली. परत निघालात, तर तुमच्याच अडकलेल्या अ‍ॅपनं फाटक लावून घेतलं. बॅग उघडता, की परमेश्वररावांनी तिकीट तपासायचं?"

परमेश्वर जुन्या सवयीनं दारात आडवा उभा राहिला. योगीराजनं बॅग उघडली. आत तसाच एक काळा डबा होता. वरून पुसलेला, पण जाळीच्या फटींत पिवळं-लाल वाळून बसलेलं.

"माझंच बोट हाय ते," आदिनाथ म्हणाला.

राजनंदिनीनं तार जोडली, खरा डबा जागेवर ठेवला. स्क्रीन थोडी थबकली आणि लालभडक झाली. त्या लाल उजेडात मुलीचा चेहरा पहिल्यांदा मोकळा दिसला.

"लाल झालं, ताई," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

दिनकररावांनी तिचा फोन तिच्यासमोर ठेवला. "पोरी, मी..."

"काका, ते नंतर." तिनं नाक पुसलं, खुर्ची ओढली. "येलदरीकडची गावं थोडा वेळ बाजूला ठेवते. ओझं कमी झालं की पावती निघंल. रांगेतल्या सरजामावशींचा ट्रॅक्टर सकाळपासून उन्हात हाय, तो आधी."

काही वेळानं बाहेर काट्यावर पावती सुटली. फाटक करकरलं. पोलीस आत आले, आणि योगीराजला घेऊन बाहेर गेले. राजनंदिनी आपल्या खुर्चीत होती. खोलीचं दार सताड उघडं होतं.

आदिनाथ करंडा घेऊन उंबऱ्यात घुटमळत होता. "ताई, पुढं मोठा सर्व्हर येईल. त्याला लावू का?"

"लावा की," राजेश्रीबाई म्हणाल्या. "फक्त एकालाही सोडू नका."